अन्नछत्र आणि वरची मिरपूड

‘अन्नछत्री जेवणे आणि वर मिरपूड मागणे’ ही म्हण मराठी माणसाला लहानपणीच भेटते. फुकट जेवणाऱ्याने पानात पडेल ते मुकाट्याने गिळावे, चवीची भाषा करू नये, असा तिचा रोख. म्हण जेवणाऱ्याला हसते; परंतु ते अन्नछत्र कोणी घातले, कशासाठी घातले आणि तेथे जेवणारा कोठून कोठे निघाला होता, याविषयी ती अवाक्षर काढत नाही. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या काठी, मराठी राजांनी चालविलेल्या छत्रांची हकीकत वाचली म्हणजे या म्हणीला कोणीतरी फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. तंजावरच्या छत्रात शिजविलेला भात न खाणाऱ्याला कोरडा शिधा मिळे, आणि त्या शिध्याबरोबर मसाल्याचे जिन्नसही मिळत. ते मागावे लागत नसत.

थोड्या पैशांत प्रवास करणाऱ्याच्या डोक्यात दिवसभर दोनच प्रश्न घोळत असतात : रात्री पाठ कोठे टेकायची आणि पोटात काय घालायचे. देवळे, राजवाडे, ग्रंथालये ही या दोन प्रश्नांच्या मधल्या मोकळ्या वेळात पाहावयाची असतात. आम्ही उभयता रामेश्वराच्या वाटेवर तंजावरास उतरलो तेव्हा आमचीही स्थिती याहून निराळी नव्हती. दोघांच्या पाठीवर एकेक पिशवी. एकाने हिशेबाची वही सांभाळायची आणि दुसऱ्याने नकाशा, अशी कामाची वाटणी. स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरात दोन खाटा आणि एक पंखा असलेली खोली मिळाली. जवळच्या खाणावळीत केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि ताक मिळाले. वाढणारा पान रिकामे दिसताच पुन्हा भात घेऊन येई आणि आम्ही हात आडवा धरीपर्यंत हलत नसे. त्या दिवसाचा खर्च वहीत मांडताना सहज मनात आले, की रेल्वे नव्हती, भाड्याच्या खोल्या नव्हत्या, तेव्हा आमच्यासारखे बेताच्या ऐपतीचे लोक या गावी येऊन काय करीत असतील? पुढचे दोन दिवस आम्ही तंजावर पाहिले ते या प्रश्नाच्या पाठोपाठ.

असे लोक थोडेथोडके नव्हते. काशी-रामेश्वर ही यात्रा आसेतुहिमाचल साऱ्या देशाला ठाऊक होती. गंगेचे पाणी कावडीने आणून रामनाथाला घालावयाचे आणि सेतूची वाळू नेऊन पुन्हा गंगेत सोडावयाची, म्हणजे यात्रेचे वर्तुळ पुरे होई. पायी चालणाऱ्याला या वर्तुळात वर्षे लागत. वाटेत आजार, चोर, नदीचे पूर आणि सर्वांत मोठी भीती उपासमारीची. नाथांची प्रसिद्ध आख्यायिका याच वाटेवरची आहे. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली, आणि आपला रामेश्वर येथेच पावला असे मानले. ही कथा आपण भूतदयेची म्हणून सांगतो. परंतु ती वाटेची कथाही आहे. तहानेने व्याकूळ होऊन पडणे ही त्या वाटेवर नित्याची गोष्ट होती, म्हणूनच तिच्यातून एवढा मोठा अर्थ निघू शकला.

उत्तरेकडून किंवा महाराष्ट्रातून येणारा यात्रेकरू श्रीरंगमचे दर्शन घेऊन कावेरीच्या मुलखात शिरला, की तंजावरहून दक्षिणेकडे वळे. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै आणि पुढे समुद्रकाठाने मणमेलकुडी, तोंडी, देवीपट्टणम् असा तो रस्ता. कावेरीचा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार. मात्र तो मागे टाकून दक्षिणेस जावे तसतशी जमीन कोरडी व रेताड होत जाते. भाताचे कोठार आणि कोरडी वाट यांच्या सीमेवर तंजावर बसले आहे. भरल्या कोठाराच्या धन्याने रित्या वाटेच्या वाटसरूसाठी काही करावे, हे भूगोलानेच जणू सुचविले होते.

त्या कोठाराचे धनी १६७५-७६ च्या सुमारापासून मराठे होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी तेथे राज्य स्थापन केले, आणि नंतर १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, भोसल्यांचे घराणे त्या गादीवर होते. या राज्याविषयी महाराष्ट्रात आपण दोन गोष्टी ऐकून असतो : सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातील मराठी शिलालेख. दोन्ही थोर आहेत. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्याला या राज्याचा जो स्पर्श झाला, तो बहुधा ग्रंथालयाच्या किंवा शिलालेखाच्या वाटेने झाला नाही. तो छत्रांच्या वाटेने झाला.

‘छत्र’ हा शब्दही मोठा प्रवास करून आला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘सत्र’, म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ. पुढे अखंड अन्नदानालाही सत्र म्हणू लागले. तमिळात त्याचे ‘सत्तिरम्’ झाले, मराठीत ‘छत्र’ झाले, आणि डोक्यावर धरावयाच्या छत्राची छायाही त्या शब्दात आपोआप येऊन मिसळली. धर्मशाळा आणि छत्र यांत एक भेद आहे तो लक्षात ठेवला पाहिजे. धर्मशाळेत निवारा मिळतो. अन्नाची सोय ज्याची त्याने पाहावयाची असते. छत्रात निवारा आणि अन्न ही दोन्ही मिळत. म्हणूनच छत्र बांधणे सोपे आणि चालविणे कठीण. भिंती एकदा उभ्या राहिल्या की झाले. चूल मात्र रोज पेटवावी लागते. तंजावरच्या राजांनी यासाठी छत्रांना जमिनी आणि गावे लावून दिली, म्हणजे राजाची मर्जी किंवा तिजोरीची तंगी यांवर रोजचा भात अवलंबून राहू नये.

प्रतापसिंह (१७३९-१७६३) आणि तुळजाजी (१७६३-१७८७) यांच्या काळात या छत्रांची चांगली वाढ झाली. त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. बहुतेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिली गेली. तंजावरच्या पूर्वेस नीडामंगलम् येथे जे छत्र आहे ते प्रतापसिंहाची राणी यमुनाबाई हिच्या नावाचे; त्या गावालाही यमुनांबापुरम् असे नाव मिळाले. नावाच्या शेवटी तमिळ रीतीप्रमाणे ‘अंबा’ म्हणजे आई हा शब्द जोडलेला. यमुनाबाईची अशी यमुनांबा झाली. मराठी राणीचे नाव तमिळ गावाला मिळाले आणि त्या नावाचा अर्थ जेवू घालणारी आई असा झाला, यापेक्षा दोन भाषांचे अधिक सुंदर लग्न आमच्या पाहण्यात नाही.

या मुलखाला भूक ठाऊक नव्हती असे मात्र नाही. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने तंजावरची शेते, कालवे आणि गावे उद्ध्वस्त केली. कोठाराचेच स्मशान झाले. त्यानंतर सावकार, कंपनीची देणी आणि गादीचे तंटे यांनी राज्य खिळखिळे झाले. तुळजाजीने १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेला दुसरा सरफोजी. त्याला गादी मिळाली ती १७९८ साली, आणि ती मिळून पुरते दीड वर्षही झाले नाही तोच, १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. सैन्य नाही, न्याय नाही, करवसुली नाही. बावीस वर्षांचा राजा, आणि राज्य करावयास राज्यच नाही.

अशा वेळी माणूस काय राखून ठेवण्यासाठी धडपडतो यावरून त्याची परीक्षा होते. सरफोजीने १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला छत्रांसंबंधी एक सविस्तर पत्र पाठविले. आपल्या पूर्वजांनी घातलेली ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, त्यांत काही उणे पडले तर तो आपल्या घराण्याच्या प्रतिष्ठेला बट्टा आहे, असा त्या पत्राचा आशय. तोफा गेल्या, वसूल गेला. प्रतिष्ठा मात्र भाताच्या हंड्यात आहे, असे सांगणारा हा राजा आम्हाला फार मोठा वाटतो.

या पत्रात छत्राचा दिनक्रम इतका बारकाईने वर्णिला आहे, की वाचताना चुलीचा धूर नाकाला जाणवावा. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व जातींचे वाटसरू, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी असे सर्व प्रकारचे यात्रेकरू यांना शिजविलेला भात मिळे. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे चालत नसे त्यांना शिधा आणि मसाल्याचे जिन्नस मिळत. वाढणे रात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कोणी जेवावयाचे राहिले असेल त्याने यावे. अंधारात वाट चुकलेला, उशिरा पोहोचलेला, लाजेने कोपऱ्यात बसून राहिलेला अशा साऱ्यांसाठी ही घंटा. आम्ही पुष्कळ राजांच्या पुष्कळ घंटा ऐकून आहोत. न्यायाची घंटा तर गोष्टीतूनच प्रसिद्ध आहे. परंतु भुकेल्याने राजाकडे जाऊन वाजवावयाची ही घंटा नव्हे. राजाच्या माणसांनी भुकेल्याला शोधण्यासाठी वाजवावयाची ही घंटा. हा भेद लहान नाही.

पत्रातील पुढील गोष्टी तर याहूनही हृद्य आहेत. वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याला ठेवून घेत. त्यासाठी वैद्य नेमलेले असत, सर्पदंशावर उपचार जाणणारेही असत. वाटेतच एखादी स्त्री बाळंत झाली तर तिची व मुलाची तीन महिने सोय होई. लहान मुलांना दूध मिळे. आईबाप वाटेत वारले आणि मूल मागे उरले, तर त्याला छत्रातील शिक्षकांच्या स्वाधीन करून दिवसातून तीनदा जेवू घालत, ठरावीक दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालत, कपडे देत, आणि त्याच्या कलाप्रमाणे शिक्षण देत. आणि जो वाटसरू छत्रातच मरण पावे, त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे केले जात. जन्म, आजार, शिक्षण, मृत्यू : माणसाच्या आयुष्यातील कोणतेही वळण प्रवासात आले, तरी ते वळण घेण्यास एक छप्पर होते.

याची तुलना जगातील इतर वाटांशी करून पाहण्यासारखी आहे. आज पाठीवर पिशव्या टाकून हिंडणारी तरुण जोडपी सर्वत्र आढळतात. दक्षिण अमेरिकेतील कुझ्को शहरात स्वस्त खोली शोधणारे लोकही आमच्यासारखेच वहीत हिशेब मांडीत असतील. त्या कुझ्कोहून निघणाऱ्या इंका राजांच्या प्रचंड रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने ‘तांबो’ नावाची विश्रामगृहे होती आणि त्यांत धान्य भरून ठेवलेले असे. व्यवस्था अप्रतिम, परंतु ती सैन्यासाठी, जासुदांसाठी, राजाच्या कामावरील माणसांसाठी. सामान्य माणसाला त्या रस्त्यांवर मोकळेपणी फिरण्याचीसुद्धा मुभा नव्हती. युरोपात गरीब विद्यार्थ्यांसाठी वाटेवर स्वस्त निवारे असावेत ही कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात असा पहिला कायमचा निवारा उघडला. ती कल्पनाही थोरच. आज जगभर पसरलेली तरुणांची वसतिगृहे तिच्यातून निघाली. तरीही तेथे थोडे का होईना भाडे द्यावे लागते. तंजावरची व्यवस्था राजाच्या नोकराला नव्हे, तर कोणाही परक्याला उद्देशून होती, आणि तिला भाडे नव्हते.

आपल्याकडील एक उदाहरणही समोर ठेवावे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लढायांची वर्णने आहेत म्हणून आपण तो वाचतो. परंतु त्याचा कणा म्हणजे एका गरीब वाटसरूची रोजची विवंचना आहे. आज कोणाच्या घरी उतरायचे, कोण दोन रुपये देईल, मिळालेले कोठे लपवायचे. ज्याचे त्याचे नशीब आणि ज्याची त्याची ओळख यांवर सारे अवलंबून. अखेर गोडसे भटजी घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. अशा माणसाला तंजावरच्या वाटेवर कोणाची ओळख काढावी लागली नसती. ओळख नसणे हीच तेथे पात्रता होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण निव्वळ स्तुतिपाठ होईल. छत्रात सर्व जातींना अन्न मिळे याचा अर्थ सर्व जाती एका पंगतीला बसत असा नव्हे. सोवळेओवळे होते, पंक्तिभेद होता, शिध्याची आणि शिजविलेल्या अन्नाची वाटणी त्या भेदाला धरूनच होती. शिवाय ज्या गावांच्या उत्पन्नावर चुली पेटत, त्या गावांतील शेतात राबणाऱ्याला त्या उत्पन्नाचा किती वाटा मिळे, हा प्रश्न विचारल्यावाचून सोडता येत नाही. अन्नदान करणारा राजा आणि अन्न पिकविणारा कूळ यांपैकी पुण्य कोणाच्या खाती जमा व्हावे, हे ठरविणे आम्हाला कठीण वाटते. तरीही भुकेल्याने आधी आपली जात सांगून मग उपाशी परत जावे, असा जो प्रकार इतरत्र सहज घडत असे, तो येथे निदान नियमाने तरी बंद केला होता. त्या काळाच्या मापाने हे पाऊल मोठे होते. आजच्या मापाने ते अर्धे होते. दोन्ही मापे हातात ठेवूनच इतिहास वाचला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टुक्कोट्टैच्या वाटेवरील ओरत्तनाडू या गावी गेलो. तंजावरपासून बसने हे अंतर विसाहून थोडे अधिक किलोमीटर. येथील छत्र सरफोजीने १८०२ मध्ये स्थापन केले आणि गावाला मुक्तांबापुरम् असे नाव दिले. मुक्तांबा ही सरफोजीची विवाहित राणी नव्हती. ती त्याची प्रिया होती, तरुणपणीच वारली, आणि राण्यांच्या नावाने जशी छत्रे असतात तसे एक आपल्याही नावाने असावे अशी इच्छा तिने मरताना बोलून दाखविली, असे परंपरा सांगते. तिने जडजवाहीर मागितले नाही, समाधी मागितली नाही. अनोळखी माणसांनी आपल्या नावाच्या घरात जेवावे एवढेच मागितले. इतिहासात जिला नाव मिळण्याची शक्यता फार कमी होती, तिचे नाव रामेश्वराच्या वाटेवरील असंख्य भुकेल्यांच्या तोंडी गेले.

त्या इमारतीचा दर्शनी मंडप रथाच्या आकाराचा आहे; त्याला ओढणारे घोडे आणि हत्ती जोत्याशी कोरलेले आहेत. देवाचा रथ वर्षातून एकदा निघतो आणि वाटेवरच्या सर्वांना दर्शन देतो. हा रथ एका जागी उभा आणि दर्शन घेणारेच चालत येतात. आम्ही उभयता त्या मंडपाकडे बराच वेळ पाहत होतो. नवराबायकोने मिळून प्रवास केला म्हणजे एकमेकांचा थकवा, चिडचिड, भूक यांची जशी ओळख पटते तशी घरी पटत नाही. कदाचित म्हणूनच येथे प्रेमाचे स्मारक वाटसरूंच्या स्वयंपाकघराच्या रूपाने उभे राहावे, हे आम्हाला मुळीच चमत्कारिक वाटले नाही. यमुनेकाठच्या संगमरवराला जग पाहावयास जाते, आणि ते योग्यच आहे. ओरत्तनाडूला कोणी पाहावयास जात नसे. लोक तेथे जेवावयास जात.

सरफोजी स्वतःही पुढे यात्रेकरू झाला. १८२० मध्ये तो काशीयात्रेस निघाला. बरोबर तीन हजारांहून अधिक माणसांचा लवाजमा होता. दोन वर्षांच्या या प्रवासावर मराठीत लावण्या रचल्या गेल्या, त्या ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ या नावाने उपलब्ध आहेत. काशीहून त्याने पोथ्या आणल्या आणि त्या सरस्वती महालात ठेवल्या. तीन हजारांचा तांडा घेऊन फिरणारा राजा आणि पिशवी घेऊन फिरणारा भिक्षुक यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. परंतु प्रवासात राजालाही दुसऱ्याच्या मुलखातून, दुसऱ्याच्या पाण्यावर आणि दुसऱ्याच्या परवानगीने जावे लागते. यजमान कसा असावा हे ज्याला ठाऊक होते, त्याने पाहुणा होऊनही पाहिले.

१८३२ मध्ये सरफोजी वारला. त्याचा मुलगा शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारला आणि कंपनीने गादी खालसा केली. छत्रांचा कारभार सरकारी हाती गेला. त्यानंतरचा मोठा फरक मात्र कोणा अधिकाऱ्याने केला नाही. तो आगगाडीने केला. नागपट्टणम् ते तंजावर हा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला, पुढच्याच वर्षी तो तिरुच्चिरापल्लीपर्यंत गेला. १९०२ मध्ये मदुरैहून मंडपम्पर्यंत गाडी जाऊ लागली आणि १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला. समुद्रकाठाने पायी जाणारी जुनी वाट यात्रेकरूंनी सोडली. ज्या टप्प्यांवर छत्रे उभी होती ते टप्पेच कोणाच्या प्रवासात उरले नाहीत. महिन्यांची वाट एका रात्रीत संपू लागली. वाटेत बाळंत होण्याचा, आजारी पडण्याचा, मरण्याचा धोका टळला. हा लाभ थोडा म्हणता येत नाही, आणि आम्हीही त्या लाभावरच तंजावरास पोहोचलो. परंतु त्याचबरोबर वाटसरू हा अतिथी न राहता उतारू झाला. उतारूजवळ तिकीट असते. तिकीट संपले की त्याचे कोणाशी काही नाते राहत नाही. छत्रांच्या उत्पन्नातून पुढे शाळा आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. वाट बदलली, तरी मूळ पत्रातील अनाथ मुलाची सोय एका निराळ्या रूपाने टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

तमिळनाडूत शाळेतील मुलांना दुपारचे जेवण देण्याची मोठी योजना कामराजांच्या कारकीर्दीत १९५६ मध्ये सुरू झाली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती फार व्यापक केली. ती मराठ्यांच्या छत्रांतून निघाली असा दावा करणे पोरकटपणाचे होईल; तमिळ भूमीची अन्नदानाची परंपरा भोसल्यांच्या आधी कित्येक शतकांची आहे. मराठ्यांचे श्रेय इतकेच, की बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांनी या भूमीतील सर्वांत चांगली रीत ओळखली, आपली मानली आणि तिला आपल्या आया-बायकांची नावे दिली.

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आम्ही पाहिला. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या, दोनशे फुटांहून उंच विमानाच्या छायेत देवनागरीच्या ओळीमागून ओळी चालल्या आहेत. त्यांच्याजवळून जाणाऱ्या शेकडो भाविकांपैकी त्या वाचणारे अगदी थोडे. सरस्वती महालातील मोडी कागदांचीही तीच कथा. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांपैकी बऱ्याच कागदांचा तमिळ अनुवाद केला, म्हणून आज तमिळ अभ्यासकाला जे कळते ते मोडी न येणाऱ्या मराठी माणसाला कळत नाही. तंजावरात अजूनही मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या मराठीत जुने शब्द आणि तमिळ वळणे एकत्र नांदतात, आणि पुढची पिढी नोकरीसाठी चेन्नई-बंगळूरला जाते. शिलालेख वाचणारे उणावत जातात, परंतु भाताला लिपी लागत नाही. ओरत्तनाडूच्या छत्रात जो जेवला त्याला मुक्तांबेची भाषा येत होती की नव्हती, हे कोणी विचारले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी लोकांना हा विचार अधिक जवळचा वाटावा. गावोगावी आपली महाराष्ट्र मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत, नाटके आहेत. कित्येक ठिकाणी वाटसरूसाठी स्वस्त खोल्याही आहेत आणि त्यांचा लाभ आम्ही प्रवासात कृतज्ञतेने घेतला आहे. परप्रांतात कोणी आपल्या भाषेत ‘या, बसा’ म्हणाले म्हणजे थकवा निम्मा उतरतो. परंतु आपल्या संस्था आपल्यासाठी असाव्यात एवढ्यावरच आपण थांबलो, तर शंभर वर्षांनी त्या कोणाच्या आठवणीत राहतील? तंजावरचे भोसले परप्रांतात १८० वर्षे राहिले. त्यांचे किल्ले इंग्रजांनी घेतले, गादी बुडाली, भाषा आटत चालली; उरले ते त्यांनी परक्यांसाठी केले ते. आपापल्या शहरात, जेथे आपण पाहुणे म्हणून आलो आणि घरधनी झालो, तेथे मध्यरात्री घंटा वाजवून ‘कोणी जेवावयाचे राहिले आहे काय?’ असे विचारणारे एखादे घर आपल्या नावाने आहे का, हे प्रत्येक मंडळाने एकदा स्वतःला विचारून पाहावे.